कडं तापेपर्यंत

सारसोळे गावात पायल मेहेरच्या नोकरीबद्दल बरेच समज होते. कुणी म्हणायचं ती लाइट बिलाच्या ऑफिसात आहे, कुणी म्हणायचं बॉम्बच्या कारखान्यात, आणि समोरच्या घरातल्या बायजाबाईची तर पक्की खात्री होती की पायल लोकांचे एक्स-रे काढते. पायलची आई दुर्गाबाई नेरूळच्या बाजारात मासळी विकायची. गिऱ्हाइकाने विचारलंच, तर बोंबील निवडता निवडता ती सांगून टाकायची, "आमची पायल वीज दाबते." यावर गिऱ्हाईक पुढे काही विचारत नसे.

तसं पाहिलं तर दुर्गाबाईचंच उत्तर खरेपणाच्या सगळ्यांत जवळ होतं.

महापेच्या औद्योगिक पट्ट्यात, एका रंगाच्या कंपनीच्या मागे, उंच छपराचा एक गाळा आहे. बाहेरून बघणाऱ्याला तिथे फर्निचर तरी बनत असेल किंवा पुठ्ठ्याची खोकी, असंच वाटावं. आत मात्र माणसाच्या उंचीचं एक यंत्र उभं आहे. त्याच्या पोटात काचेसारख्या पारदर्शक क्वार्ट्‌झची रुंद नळी, तिच्याभोवती तांब्याच्या जाड कॉइल आणि भिंतीला लागून विजेचा साठा करणाऱ्या कपॅसिटरच्या रांगा. नळीतली हवा पंपाने ओढून काढायची, मग चिमूटभर हायड्रोजन सोडायचा आणि त्याच्यातून विजेचा असा फटका मारायचा की वायू फुटून त्याचा प्लाझ्मा व्हावा. हा प्लाझ्मा हातातल्या कड्यासारखा वाटोळा फिरत नळीच्या मधोमध येतो. त्याच्या अंगात चुंबकत्व असतं, तेच त्याला पांघरुणासारखं सांभाळतं आणि आतली ऊब थंडगार भिंतीकडे जाऊ देत नाही. पण हे पांघरूण फार वेळ टिकत नाही. म्हणून ते टिकून आहे तोवरच बाहेरच्या कॉइलमधून जोराचा प्रवाह सोडायचा आणि कडं चारी बाजूंनी आत दाबायचं. उष्णता निसटून जाते त्यापेक्षा दाब लवकर बसला, तर कडं तापतं. पापणी लवते तेवढ्यात हा सगळा खेळ हजारो वेळा खेळून होईल, इतका तो झटपट.

असं दाबून दाबून प्लाझ्मा पुरेसा तापवता आला, तर सूर्याच्या पोटात चालतं तसं अणूंचं मीलन इथे करता येईल आणि त्यातून वीज काढता येईल, अशी जगातल्या बऱ्याच शास्त्रज्ञांना आशा आहे. महापेच्या गाळ्यातली पाच-सात माणसं त्याच आशेवर काम करत होती. त्यांचे प्रमुख डॉ. दिलीप करंदीकर. उभं आयुष्य निरनिराळ्या प्रयोगशाळांत काढून, निवृत्तीनंतर घरी बसवेना म्हणून त्यांनी हे यंत्र उभं केलं होतं. आणि प्लाझ्मा किती तापला हे मोजायचं काम पायलकडे होतं.

पायल इथवर आली ती काही ठरवून नाही. तिचे वडील सदू मेहेर खाडीत मासे धरायचे. पुढे खाडीत मासळी उरली नाही, तेव्हा ते सीवूड्सच्या एका सोसायटीत वॉचमन झाले, आणि पायल बारावीत असताना साध्या तापाचं निमित्त होऊन गेले. दुर्गाबाईने टोपली सोडली नाही आणि पोरीची शाळाही सुटू दिली नाही. वाशीच्या कॉलेजात बी.एस्सी.ला असताना एके दिवशी प्रॅक्टिकलला काचेच्या नळीत गुलाबी उजेड पेटवून दाखवला गेला. सरांनी चुंबक जवळ नेला तसा उजेड बाजूला वाकला. बाकीची मुलं जर्नलमध्ये आकृती काढून निघून गेली. पायल तो उजेड इकडून तिकडे वाकवत बसली, ती शेवटी शिपायाने पंखे बंद केले तेव्हा उठली. त्यानंतर एम.एस्सी. केलं, इथे-तिथे वर्ष-दोन वर्षं शिकवलं आणि एका ओळखीतून करंदीकर सरांकडे आली.

कामावर लागून महिनाभर झाला असेल. एका रविवारी सकाळी ती अंगणात सायकलमध्ये हवा भरत होती. दुर्गाबाई उंबऱ्यात बसून कोलंबी सोलत होती.

"काय गो पायल," ती म्हणाली, "तुमी त्या शेडमंदी करता तरी काय? मना एकदा नीट सांग. बाजारात बाया इचारतात."

पायलने पंप तसाच आईपुढे धरला. "आये, खालती हात लाव."

दुर्गाबाईने बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. "आग्गो! गरम झायला!"

"हवा दाबली म्हणून तापली. आमी पन हेच करतो. नुसती हवा नाय, विजेची हवा."

"मंग तुमचा पंप किती तापतो?"

"तापायला पायजे करोडो डिग्री."

"आनि तापतो किती?"

पायल हसली. "अजून तापतच नाय."

दुर्गाबाईने जरा विचार केला आणि कोलंबीचं शेपूट ओढत म्हणाली, "वॉशर बदला मंग."

हा विनोद पायलने गाळ्यात सांगितला, तेव्हा करंदीकर सर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. पुढे कित्येक दिवस काही बिघडलं की कुणीतरी म्हणायचंच, "वॉशर बदला."

पण कडं तापत नव्हतं हे खरं. विजेचा फटका बसायचा, कडं तयार व्हायचं, दाबायला घेतलं की आकसायचं आणि तापायच्या आतच विझून जायचं. असं एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. या काळात पायलचं लग्न झालं. मुलगा उरणचा, रोहन पाटील, बंदराजवळच्या कंटेनर यार्डात क्रेन चालवणारा. मावशीने ठिकाण आणलं होतं. पहिल्या भेटीत दोघांना गच्चीवर पाठवलं, तेव्हा रोहन म्हणाला, "माझं काम सोपं आहे. बॉक्स उचलायचा, दुसरीकडे ठेवायचा. तुझं काय असतं?"

"मी पकडते आणि दाबते," पायल म्हणाली. "ठेवायला काय उरतच नाही."

रोहन इतक्या मोकळेपणाने हसला की पायलचा होकार तिथेच ठरला. दुर्गाबाई एकटी पडेल म्हणून तो सारसोळ्यातच राहायला आला. आगऱ्याचा पोर कोळ्यांच्या घरी घरजावई झाला म्हणून दोन्हीकडच्या गावांत थोडी कुजबुज झाली. पण रोहनने नारळी पौर्णिमेला बायजाबाईच्या घरची होडी आपल्या हाताने रंगवून दिली आणि कुजबुज आपोआप थांबली. तो रोज उरणची गाडी धरून कामाला जायचा आणि येताना कधी तिकडचे वाल, कधी तोंडली आणायचा.

गाळ्यात पायलची सगळ्यांत जास्त गट्टी होती ती शौनक देवधरशी. शौनक तिच्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, बेलापूरच्या टॉवरमध्ये वाढलेला. कॉम्प्युटरवर हिशेब करून कडं कसं वागेल ते आधी सांगायचं, हे त्याचं काम. हिशेब सांगायचा, कडं तापलंच पाहिजे. यंत्र सांगायचं, नाही तापत. दोघं डबा खाताना यावरच भांडायची. शौनकला सुरमई फार आवडायची आणि त्याच्या घरी मासळीला बंदी. त्यामुळे भांडण कितीही झालं तरी डब्याच्या वेळी तो पायलच्याच टेबलाशी असायचा.

मग एक दिवस पायलच्या पडद्यावरची रेघ उसळली.

प्लाझ्मा तापला की त्यातून सौम्य क्ष-किरण निघतात. ते टिपणारं एक उपकरण पायलने स्वतः बांधलं होतं आणि त्या दिवशी प्रथमच ते यंत्राला जोडलं होतं. विजेचा फटका मारला, म्हणजे त्यांच्या भाषेत शॉट झाला, धप्प असा आवाज आला आणि दाबाच्या नेमक्या क्षणी तिच्या रेघेने असा उंच सुळका मारला की तो पडद्यात मावेना. सर खुर्चीतून उठले. "पुन्हा घे," म्हणाले. पुन्हा घेतला, पुन्हा सुळका. संध्याकाळपर्यंत प्रत्येक शॉटला सुळका येत राहिला. शौनकने पायलचे दोन्ही हात धरून तिला गरागरा फिरवलं. करंदीकर सरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला, आणि परत काढून पुसला.

पायलला घरी फोन केल्यावाचून राहवेना. "आये, तापलं!" एवढंच ती बोलली. ती घरी पोचेपर्यंत दुर्गाबाईचे अख्ख्या आळीत पेढे वाटून झाले होते. बायजाबाईने तर पेढा तोंडात टाकून विचारलं होतं, "कोनाचा एक्स-रे निघाला?"

पुढचे आठ-दहा दिवस गाळ्यात लगीनघाई होती. या कामाला मदत करणाऱ्या संस्थेची माणसं बघायला येणार होती. शौनक शोधनिबंध लिहीत होता. त्यात त्याचं नाव पहिलं असणार होतं, आणि जर्मनीतल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत जायचं त्याचं स्वप्न या निबंधावर उभं होतं. पायलकडे निबंधासाठी आकृत्या काढायचं काम आलं. तिने सगळे शॉट एकाखाली एक मांडले, आणि तिथे तिच्या मनात पाल चुकचुकली.

काही शॉटमध्ये कडं छान भरदार झालं होतं. काहींमध्ये अगदी मरतुकडं. एकदा तर वायूची झडप अर्धीच उघडली होती आणि कडं असं धड झालंच नव्हतं. पण सुळका सगळीकडे सारखाच उंच. भरल्या चुलीवर आणि विझल्या चुलीवर पाणी सारखंच उकळत असेल, तर ते चुलीमुळे उकळत नाही, हे कळायला पायलला वेळ लागला नाही. वेळ लागला तो ते मोठ्याने म्हणायला. उपकरण तिचं होतं. सुळका तिचा होता. ज्या गोष्टीसाठी सगळ्यांनी तिचं कौतुक केलं, ती तिलाच खोडायची होती.

दोन दिवस तिला जेवण गोड लागलं नाही. रोहनने विचारलं तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. रोहन म्हणाला, "आमच्याकडे क्रेनवरचा काटा कधी कधी चुकीचं वजन दाखवतो. तेव्हा आम्ही हूक रिकामा ठेवून बघतो. काटा शून्यावर आला पाहिजे."

"तेच करायला पाहिजे," पायल म्हणाली. "वायू न सोडता शॉट घ्यायचा. प्लाझ्मा नाहीच, तर सुळका यायला नको. मला माहीत आहे रे काय करायचं ते. सरांना कसं सांगू, तेवढं कळत नाही."

"सर चिडतील?"

"चिडले तर बरं. मला भीती आहे, ते गप्प बसतील."

दुसऱ्या दिवशी तिने विषय काढला. करंदीकर सर निघायच्या गडबडीत होते. "पाहुणे गेल्यावर बघू," म्हणाले. शौनकने ऐकलं आणि हसण्यावारी नेलं. "तुला यश पचत नाही का, पायल?" तिने त्या दिवशी विषय सोडला. पण सकाळी सर आले तेव्हा ती त्यांच्या टेबलाशी उभीच होती.

"सर, पाहुण्यांच्या आधी करू या. तुम्ही त्यांना जे दाखवाल, ते मला छातीठोकपणे खरं म्हणता आलं पाहिजे. आज म्हणता येत नाही."

सरांनी हातातली पिशवी टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "कर. मी पण येतो."

वायूची झडप बंद केली. नळी रिकामी, आत काही नाही. शौनक हाताची घडी घालून मागे उभा राहिला. कपॅसिटर भरले, भोंगा वाजला, धप्प आवाज झाला, आणि पडद्यावर तोच सुळका उभा राहिला. तितकाच उंच, तितकाच देखणा.

कॉइलमध्ये जेव्हा एवढा मोठा प्रवाह अचानक वाहतो, तेव्हा आसपासच्या तारांमध्येही वीज उपजते. पायलच्या उपकरणाची तार यंत्राजवळून वळसा घेऊन गेली होती. कडं तापो न तापो, ती तार दर शॉटला कॉइलचीच बोंब ऐकवत होती.

सर बाहेर गेले. गाळ्यासमोर बदामाचं झाड आहे, तिथे चहाची टपरी. पायलला खिडकीतून दिसत होतं, सर कटिंगचा ग्लास हातात धरून नुसते उभे होते. चहा त्यांनी प्यायलाच नाही. थोड्या वेळाने त्यांनी खिशातून फोन काढला आणि तिथूनच संस्थेला लावला. आत आल्यावर म्हणाले, "सांगितलं त्यांना. येणार आहेत ते ठरल्याप्रमाणे. आपण त्यांना हा रिकामा शॉट दाखवू."

"सॉरी सर," पायल म्हणाली. "तार मीच टाकली होती."

"तार तू टाकलीस, आणि आठवडाभर आम्ही सगळे तिच्यावर नाचलो. मी चाळीस वर्षं हेच करतोय, पायल. रिकामा शॉट पहिल्या दिवशी मी मागायला पाहिजे होता." मग ते आपल्या टेबलाशी जाऊन बसले आणि जेवायच्या वेळेपर्यंत कुणाशी बोलले नाहीत.

शौनक मात्र चिडला होता. निबंध मागे घ्यावा लागला, जर्मनीची संधी त्या वर्षापुरती गेली. पायलची चूक नाही हे त्याला डोक्याने कळत होतं, पण मनाचा राग जात नव्हता. तो डब्याला तिच्या टेबलाशी यायचा बंद झाला. कानात हेडफोन घालून एकटाच खिडकीशी पोळीभाजी खायचा.

घरी दुर्गाबाईला सांगायचं होतं. पायलने चूल, तार, काटा असं सगळं समजावून सांगितलं. दुर्गाबाईने ऐकून घेतलं आणि तिला एकच चिंता पडली. "आता आळीत काय सांगू? सगल्यांनी पेढे खाल्लेत."

रोहनला हसू आवरेना. शेवटी दुर्गाबाईच म्हणाली, "सांगते, बातमी खोटी निघाली, पन पेढे खरे व्हते." आणि खरोखरच तिने दारोदार जाऊन तसंच सांगितलं. लोकांनी मान डोलावली, आणि तरीही पुढे दोन महिने रस्त्यात भेटेल तो पायलचं अभिनंदन करत राहिला. त्या काळात तिला कशाने बरं वाटलं असेल, तर आईच्या त्या वाक्याने.

पाहुणे आले, त्यांना रिकामा शॉट दाखवला. त्यांनी वर्षअखेरपर्यंत वाट बघायचं कबूल केलं, त्यापुढचं काही बोलले नाहीत. पायलने आपली तार सोडवली. नवीन मोजमापासाठी तिने दुसरीच वाट धरली. हायड्रोजनमध्ये अगदी किंचित हीलियम मिसळायचा. हीलियमच्या उजेडात ठरावीक रंगाची एक बारीक रेघ असते. कण जितके तापतील, तितके ते सैरावैरा धावतात आणि तितकी ती रेघ रुंद होते. हा उजेड काचेच्या बारीक तंतूतून दूरच्या खोलीत न्यायचा आणि तिथे मोजायचा. काचेच्या तंतूला कॉइलची बोंब ऐकूच येत नाही.

रेघ दिसू लागली, पण रुंद काही होईना. रुंदीपेक्षा पायलला भलतंच काही दिसलं. हीलियमच्या रेघेशेजारी दाबाच्या वेळी आणखी एक रेघ उगवत होती. तिने पुस्तकं चाळली. ती सिलिकॉनची निघाली. हायड्रोजनमध्ये सिलिकॉन येणार कुठून? सिलिकॉन होतं ते एकाच ठिकाणी, क्वार्ट्‌झच्या नळीत.

ती उठली आणि सरळ खिडकीशी गेली. शौनकचा डबा उघडा होता. "हेडफोन काढ," ती म्हणाली. "कडं भिंतीला घासतंय."

शौनकने हेडफोन काढले. बघू न बघू असं करत त्याने तिच्या हातातला कागद घेतला. आणि मग त्याची पोळी हातातच राहिली.

"शक्य नाही," तो म्हणाला. "हिशेबात ते भिंतीपासून लांब असतं."

"तुझ्या हिशेबात कॉइल कशा आहेत?"

"कशा म्हणजे? सगळीकडून सारख्या."

"खऱ्या यंत्रात त्या सहाच आहेत. दोन कॉइलमध्ये माझा हात जाईल एवढी फट आहे."

शौनक उठून यंत्रापाशी गेला. त्याने फटीत आपला हात घालून बघितला, जसं काही ते यंत्र त्याने आजच पाहिलं. कागदावर सोपं जावं म्हणून त्याने कॉइलचं एक सलग, गुळगुळीत वेष्टन धरलं होतं, आणि ते धरलंय हेच तो विसरला होता. त्याने फटी घालून नव्याने हिशेब मांडला. दोन दिवस कॉम्प्युटर घरघरत राहिला. तिसऱ्या दिवशी तो पायलच्या टेबलाशी येऊन बसला आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली. चित्रात स्पष्ट दिसत होतं: प्रत्येक फटीतून कड्याचा पदर बाहेर फुगत होता, भिंतीला टेकत होता, तिची धूळ उचलत होता आणि त्या धुळीने थंड पडत होता.

"मी तुझ्या तारेवर राग धरून बसलो," शौनक म्हणाला, "आणि माझ्या हिशेबातली फट इतकी वर्षं मला दिसली नाही."

"जेवलास?"

"नाही."

पायलने डब्याचं झाकण त्याच्याकडे सरकवलं. आत सुरमईच्या दोन तुकड्या होत्या. दुर्गाबाई रोज दोनच द्यायची, एक पायलची आणि एक शौनकची. मधल्या महिन्यांत तिने दुसरी तुकडी देणं थांबवलं नव्हतं, आणि पायलनेही ती नको असं सांगितलं नव्हतं.

सहा जाड कॉइलच्या जागी अकरा सडपातळ कॉइल घालायच्या, म्हणजे फटी बुजतील, असं ठरलं. हे बोलायला सोपं होतं. शिरवण्याच्या एका वर्कशॉपमध्ये त्या बनवून घ्यायला अख्खा पावसाळा गेला. पहिल्या खेपेच्या दोन कॉइलचा सांधा पहिल्याच प्रवाहाला उघडला. मग सांधा बदलला, बांधणी बदलली, पुन्हा चाचणी. गणपती आले आणि गेले. दिवाळीच्या आधी सगळ्या कॉइल जागच्या जागी बसल्या. एव्हाना गाळ्यात एक नियम झाला होता: दिवसाचा पहिला शॉट रिकामा. तो शांत आला तरच पुढे जायचं.

त्या सकाळीही रिकामा शॉट घेतला. पायलच्या पडद्यावर काहीच उमटलं नाही. तिने सरांकडे बघून मान हलवली. मग वायू सोडला, कपॅसिटर भरले, भोंगा वाजला. धप्प.

सिलिकॉनची रेघ जवळपास नाहीशी झाली होती. आणि हीलियमची रेघ, जी इतके महिने दोऱ्यासारखी बारीक राहिली होती, ती नाडीसारखी रुंद झाली होती.

कुणी ओरडलं नाही. सगळे पायलकडे बघत होते. तिने हिशेब केला, परत केला, आणि शौनकला करायला लावला. दाबायच्या आधी सुमारे दोन लाख अंश, दाबल्यावर साडेपाच लाखांच्या पुढे.

"अर्धी झडप," पायल म्हणाली.

सरांना लगेच कळलं. झडप मुद्दाम अर्धीच उघडून मरतुकडं कडं केलं. रेघ जेमतेम रुंदावली. मग परत भरदार कडं, परत रुंद रेघ. दाब कमी केला, रेघ कमी रुंद. वाढवला, जास्त. यंत्र विचारल्या प्रश्नाला सरळ उत्तर देत होतं.

"आता ओरडायला हरकत नाही," करंदीकर सर म्हणाले, आणि त्यांनीच आधी आरोळी ठोकली. बाहेरचा टपरीवाला काय झालं म्हणून आत डोकावून गेला.

साडेपाच लाख अंश म्हणजे काही सूर्य नव्हे. खऱ्या मीलनाला दहा कोटींच्या वर लागतं, आणि तिथपर्यंत जायला मोठी यंत्रं, जास्त दाब आणि पुष्कळ वर्षं लागणार, हे त्या गाळ्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण दाबल्यावर कडं तापतं, आणि का तापतं व का तापत नव्हतं हे सांगता येतं, एवढं त्यांच्या हाती आलं होतं. दोन परक्या प्रयोगशाळांनी आकडे तपासून ते बरोबर असल्याचं कळवलं, तेव्हाच निबंध गेला. त्याच्यात कडं न तापल्याच्या काळाची आणि त्या खोट्या सुळक्याची हकीकतही पायलने आग्रहाने घातली. मदत करणाऱ्या संस्थेने पुढच्या यंत्राला होकार दिला. शौनकला पुढच्या वर्षी जर्मनीहून बोलावणं आलं. तो गेला, आणि आता तिथून रोज संध्याकाळी फोन करून पायलशी हिशेबांवरून भांडतो. करंदीकर सरांनी यंत्राची जबाबदारी पायलवर सोपवली. स्वतः ते आठवड्यातून दोनदा येतात आणि नव्या पोरांना हैराण करतात.

पुढचं यंत्र नुसत्या चुंबकाने दाबणारं नाही. त्यात धातूची भिंतच चारी बाजूंनी आत येणार आहे. त्याचे नकाशे पायलच्या टेबलावर आहेत. तिला आता गडबड वाटत नाही. पूर्वी ती रात्री अंथरुणातही आकडे जुळवत पडायची. आता गाळ्याचं दार ओढलं की आकडे आत राहतात.

परवा रविवारी ती आणि रोहन उरणला त्याच्या घरी गेले होते. दुर्गाबाईलाही बरोबर घेतलं होतं. रोहनच्या आईने अंगणात पोपटी लावली. मडक्यात वाल, वांगी, बटाटे आणि कोंबडी भरून, भांबुर्ड्याचा पाला कोंबून मडकं उपडं घातलं आणि वरून जाळ केला. सगळे भोवती बसून होते. दोघी विहिणी मासळीच्या भावावरून एकमेकींशी हुज्जत घालत होत्या.

"कवा शिजेल?" दुर्गाबाईने विचारलं.

"मडक्यावर पानी मारून बगायचं," विहीणबाई म्हणाल्या. "चर्र करून उडालं का झालं."

रोहनने ओंजळभर पाणी आणलं आणि पायलपुढे धरलं. "मोजणारी तू आहेस. मार."

पायलने बोटं बुडवून पाण्याचे थेंब मडक्यावर उडवले. थेंब नुसते बुडबुडून राहिले.

"अजून नाय," ती म्हणाली, आणि पाय पसरून आईच्या शेजारी निवांत बसली.